केशर जेवली का?

आमच्या अमेरिकेतल्या, कॅरी गावच्या घरी फ्रीजरमध्ये श्रीखंडाचे बरेच डबे असत, आणि त्यातल्या एकातही श्रीखंड नसे. एकात खोवलेला नारळ, एकात सोललेले मटार, एकात वाटण, आणि ज्या डब्याला आईनं लाल चिकटपट्टी गुंडाळली होती त्यात उंदीर. छोटे, पांढरे, गारठून दगड झालेले, एकेक पिशवीत बांधलेले. ते केशरचं जेवण. पाहुणे आले की आई फ्रीजपाशी पहारा देत उभी राहायची, कारण एकदा एका काकूंनी मदतीच्या हौसेनं लाल पट्टीचाच डबा उघडला होता, आणि ते कुटुंब त्यानंतर आमच्याकडे चहालासुद्धा आलं नाही. आई म्हणायची, ‘बरं झालं, त्यांना माझा चहा आवडायचाच नाही.’ पण ती त्यांच्या फोनची वाट बघायची हे मला ठाऊक होतं. फोनची वाट बघण्यात माझ्या आईचा हात कुणी धरला नसता.

केशर हा माझ्या ताईचा साप. इकडे त्याला कॉर्न स्नेक म्हणतात. बिनविषारी, गरीब जात, अंगठ्याएवढी जाड आणि माझ्या दोन हातांहून थोडी लांब. रंग नारिंगी, त्यावर तांबडे डाग, आणि ऊन पडलं की दुधात खललेल्या केशरासारखी चमक. म्हणून नाव केशर. ताईनं ती कॉलेजात असताना आणली. बाबांनी आठवडाभर कपाळाला आठ्या घातल्या आणि आईनं बाबांकडे रोखून बघत सुनावलं, ‘साप म्हणू नये धाकला, नवरा म्हणू नये आपला.’ त्यावर बाबांनाही हसू आवरलं नाही आणि केशर राहिली. ताईच्या खोलीतल्या काचेच्या पेटीत ती राहायची. आई तिला कधी शिवली नाही. नागपंचमीला तिनं पाटावर गंधाचा नाग काढला, लाह्या-दूध ठेवलं, त्या दिवशी विळी-सुरीला हात लावला नाही आणि तवाही ठेवला नाही. ताई म्हणाली, ‘आई, स्नेक्स दूध पीत नाहीत गं.’ आई म्हणाली, ‘तुझ्या सापाला कोण देतंय? मी माझ्या नागोबाला देतेय.’ मग पाट ताईच्या खोलीच्या दाराशी सरकवून ठेवला, उंबरठ्याच्या बाहेर.

त्याच श्रावणात ताई घर सोडून गेली. सोडून गेली हा शब्द जरा जड आहे. शिकायलाच गेली, पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावी. पण आमच्या घरात तो शब्द तसाच वापरला गेला. तिला इथेच, घरापासून पंधरा मिनिटांवर, औषधाच्या कंपनीत नोकरी मिळाली होती. बाबांनी ऑफिसात पेढे वाटायचे ठरवले होते. आणि ताईनं एका संध्याकाळी ताटावर बसून सांगितलं की ती नोकरी नाही घेणार, सरपटणाऱ्या प्राण्यांवर संशोधन करणार आहे. बाबा म्हणाले, ‘हातचं सोडून पळत्याच्या मागे लागतेयस.’ ताई म्हणाली, ‘बाबा, पळत नाहीत ते. सरपटतात.’ एरवी बाबा खो खो हसले असते. त्या दिवशी त्यांनी ताट सरकवलं. मग पुढे जे बोलणं झालं ते मी जिन्यावर बसून ऐकलं, आणि ते इथे लिहावंसं वाटत नाही. एवढंच सांगते की दोघांनीही एकमेकांना जे बोलायचं नव्हतं तेच नेमकं बोलून घेतलं. जाताना ताई बाबांच्या पाया पडली, पण बोलली नाही, आणि बाबांनी पाठीवर हात ठेवला, पण तेही बोलले नाहीत.

केशरला ती नेऊ शकली नाही. तिकडे सुरुवातीला मिळालेल्या खोलीत प्राणी चालत नव्हते. दुसरी जागा मिळाली की नेईन म्हणाली, आणि तोवर तिला सांभाळायचं काम माझ्यावर आलं. मी तेव्हा दहावीत होते. दर शनिवारी केशरला खायला द्यायचं आणि दर रविवारी सकाळी ताईचा फोन. ती आईला सांगून गेली होती, ‘मीच करेन फोन, तू करू नकोस, मी लॅबमध्ये असते.’ आईनं ते अक्षरशः पाळलं. रविवारी पोहे झाले की ती फोन ओट्यावर ठेवायची आणि गवार नाहीतर मेथी निवडत बसायची. बाबा तेवढ्या वेळात अंगणातली पानं गोळा करायला जायचे, पानं नसली तरी. फोन वाजला की आई तो स्पीकरवर टाकायची, आणि ताईचा पहिला प्रश्न ठरलेला. ‘केशर जेवली का?’

‘जेवली,’ आई म्हणायची. ‘काल दुपारी. छान जेवली.’

मग पाणी बदललं का, दिवा नीट लागतोय का, कात टाकली का, असं पाच-सात मिनिटं चालायचं. ताई स्वतःबद्दल काही सांगायची नाही आणि आई विचारायची नाही. न विचारता जे कळेल ते ती ऐकायची. आवाज बसलाय, मागे बसचा आवाज येतोय, कुणीतरी हसतंय. फोन ठेवला की मला विचारायची, ‘मनू, सर्दी झाल्यासारखी वाटली का गं?’ त्या सहा-सात मिनिटांवर आमचं घर आठवडाभर चालायचं. आणि तो फोन आमच्यासाठी नव्हता, सापासाठी होता, हे आई पक्कं ओळखून होती. एकदा मेथीच्या काड्या कागदात गुंडाळताना ती म्हणाली, ‘हा साप आहे तोवर माझी मुलगी आहे.’ मी म्हटलं, ‘काहीतरीच काय आई.’ पण तिनं ते चेष्टेत म्हटलं नव्हतं.

बाबांचं त्या वर्षी काम अर्विंगला होतं. सोमवारी पहाटे विमानानं टेक्सासला जायचे, गुरुवारी परत यायचे. आणि शनिवारी कुणाकुणाच्या गराजसमोर मांडलेल्या जुन्या वस्तू बघत हिंडणं हा त्यांचा एकमेव षोक. आमच्या घरातले निम्मे दिवे, सगळ्या कुंड्या आणि एक न चालणारं घड्याळ तसंच आलेलं. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ते एक सुंदर वाकडी फांदी घेऊन आले. साल गेलेली, गुळगुळीत, जुन्या हस्तिदंती रंगाची. कुणा साप पाळणाऱ्या माणसानं घर आवरताना विकायला काढली होती. बाबांनी ती माझ्या हातात दिली आणि दुसरीकडे बघत म्हणाले, ‘तिच्या पेटीत ठेव. चढायला बरी.’ मी आत जाऊन आईला सांगितलं. आईनं त्या दिवशी बाबांच्या आवडीचं भरलं वांगं केलं. केशर तासाभरात फांदीवर चढून बसली. त्या फांदीतून काय घरात आलं ते तेव्हा कुणाला दिसणार होतं?

काही दिवसांनी केशर पाण्याच्या भांड्यात जाऊन बसायला लागली. सकाळी पाण्यात, शाळेतून आले तरी पाण्यात. आईला वाटलं उकडत असेल. एका दुपारी भांडं धुवायला आणलं तेव्हा तिनं त्यात डोकावून विचारलं, ‘यात मिरपूड कुणी टाकली?’ मिरपूडच होती ती दिसायला. पण बघता बघता त्यातला एक कण चालायला लागला. मी आत जाऊन केशरला उचललं. तिच्या हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडांना, खवल्यांच्या फटीत ते काळे ठिपके बसले होते, आणि माझ्या मनगटावरही दोन चढले. अंगावर पांढरी भुकटी पडल्यासारखी दिसत होती. इकडे त्यांना माइट्स म्हणतात. आईला तो शब्द पुरेसा वाटला नाही. ती म्हणाली, ‘उवा झाल्यात हिला,’ आणि आपोआप तिचा हात माझ्या डोक्याकडे गेला.

त्या शनिवारी केशर जेवली नाही. रविवारी फोन आला. ‘केशर जेवली का?’ आणि आई, जिचे आयुष्यात दूधवाल्याशी खोटं बोलायचं म्हटलं तरी कान लाल व्हायचे, ती शांतपणे म्हणाली, ‘जेवली. मजेत आहे.’ फोन ठेवल्यावर मी तिच्याकडे बघत राहिले. ‘बघतेस काय?’ ती म्हणाली. ‘आजारी आहे म्हटलं तर शलू कुणा मैत्रिणीला फोन करेल, ती येऊन पेटी उचलून नेईल. मग रविवारी शलू कुणाला फोन करेल? मला?’

आईनं मग उपाय शोधायचं मनावर घेतलं. आमच्याकडे अजूनही बिनधास्त येणाऱ्या एकच होत्या, कदम काकू. कदम काका बाबांच्याच कंपनीत, आणि काकू लातूरकडच्या, उदगीरजवळच्या एका खेड्यातल्या. गोठ्यात, कोंबड्यांत वाढलेल्या. साप बघून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, ‘बारीक हाय की.’ आईनं त्यांना फोन लावला आणि आडवळणानं विचारलं, जनावराला पिसवा झाल्या तर काय करतात तुमच्याकडे? काकू म्हणाल्या, ‘त्यात काय अवघड हाय वैनी? लिंबाचं पाणी करायचं. चांगलं उकळायचं, गार करायचं आन त्यात बसवायचं. एक पिसू ऱ्हात न्हाई. आमच्या कोंबड्यांना तेच करतेत.’

आई पुण्याची. नारायण पेठेतली. लिंबाचं म्हटलं की तिला जे कळायचं तेच कळलं. दुपारी आम्ही दुकानात जाऊन जाळीची पिशवीभर लिंबं आणली. आईनं ती चिरली, सालासकट मोठ्या पातेल्यात उकळली. सगळं घर त्या वासानं भरून गेलं, पडद्यांना वास लागला, माझ्या दप्तराला लागला. आज मी कुठेही असले आणि कुणी लिंबं उकळत असेल तर मला ते स्वयंपाकघर दिसतं, खिडकीतून येणारं ऑक्टोबरचं तिरपं ऊन, आई पदर खोचावा तसा स्वेटरचा घोळ खोचून उभी, चाळणीनं बिया गाळतेय. केवढ्या मायेनं करत होती ती. साखर घातली असती तर सरबतच झालं असतं.

पाणी गार झालं, जरा जास्तच गार झालं. मी केशरला टबात सोडलं. ती उसळली. एरवी इतकी शांत, पण त्या पाण्यातून बाहेर पडायला तिनं टबाच्या कडेवर डोकं आपटलं, पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, ‘आई, तिला झोंबतंय.’ आई दारात उभी होती, उंबरठ्याच्या बाहेर. ‘औषध झोंबतंच गं. थोडं धर.’ पाण्यावर मिरपूड तरंगायला लागली तशी आई खूश झाली. थोड्या वेळानं केशर दमली आणि सैल पडून राहिली. आम्ही तिला पुसून पेटीत ठेवलं आणि आईनं देवापाशी दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी केशरचं अंग निस्तेज आणि पोटाकडून लालभडक झालं होतं. ती मान वर करून बसली होती, तोंड अर्धवट उघडं, आणि श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजत होती. नाकपुडीशी बुडबुडा यायचा आणि फुटायचा. आणि नेमक्या त्याच वेळी दाराची बेल वाजली. कदम काकू. हातात एक पिशवी, त्यात वाळलेला पाला. ‘मनात आलं, तुमच्याकडं लिंब कुठनं असंल हितं? म्या गावाकडनं आणलेला हाय, गव्हात टाकायला. घ्या.’

आईनं पिशवी उघडली, वास घेतला आणि खुर्चीवर बसली.

‘कदम वहिनी, हा तर कडुनिंब.’

‘मंग? लिंब म्हंजी दुसरं काय असतंय?’

‘लिंबू!’ आई जवळजवळ ओरडली. ‘लिंबू असतं हो!’

‘त्याला आमी लिंबूच म्हंतो की वैनी. लिंब येगळा, लिंबू येगळं.’ काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. त्यांना काय झालं ते कळलं होतं. ‘अगं बया. लिंबू उकळलं व्हय तुमी?’

नंतरच्या आयुष्यात मी ही गोष्ट अनेकांना हसत हसत सांगितली आहे. मराठीत लिंबू म्हणा नाहीतर लिंब, ‘चं’ लागला की दोन्हीचं ‘लिंबाचं’च होतं. शेवटचा उकार कुठे जातो देव जाणे. पुणं आणि उदगीर यांच्यामधला तो एक उकार कॅरीच्या आमच्या न्हाणीघरात येऊन पडला आणि त्यात एक अमेरिकन साप भाजून निघाला. लोक खूप हसतात. पण त्या दुपारी कुणी हसलं नाही. काकू रडायला लागल्या, आई रडली नाही. ती उठली, ओट्यावरचा फोन घेतला आणि जो नंबर तिला तोंडपाठ असूनही तिनं कधी फिरवला नव्हता तो फिरवला.

‘शलू, आई बोलतेय. केशर आजारी आहे. मी तुला खोटं सांगितलं रविवारी.’ आणि मग सगळं, न थांबता, फांदीपासून लिंबापर्यंत.

मग ताई म्हणाली, ‘आई, आर यू सिरियस? तू तिला लेमन ज्यूसमध्ये बसवलंस? हू डझ दॅट?’

‘मी केलं. मला वाटलं ती मरेल, आणि ती गेली तर तू फोन करायची नाहीस.’

मी आणि काकू जमिनीकडे बघत होतो. माझ्या आईनं असं बोलून दाखवलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ताई बोलली तेव्हा तिचा आवाज वेगळा होता. ‘आई, ऐक. तुमच्या शेजारी, रॅली गावात एक व्हेट आहे, ती स्नेक्स बघते. मी आत्ता अपॉइंटमेंट घेते. केशरला उशीच्या अभ्र्यात घाल, आणि अभ्रा डब्यात ठेव. कारमध्ये हीटर लाव. जाशील ना?’

‘जाते,’ आई म्हणाली.

आईकडे लायसन्स होतं, पण ती हायवेवर कधी गेली नव्हती. दुकान, शाळा, देऊळ, एवढाच तिचा अमेरिका देश. त्या दिवशी ती गेली. मी शेजारी, मांडीवर डबा, डब्यात अभ्र्यातली केशर, आणि मागच्या सीटवर कदम काकू डोळे मिटून रामरक्षा म्हणत. हीटरनं आम्ही तिघी घामानं निथळत होतो. ट्रक बाजूनं गेला की आई म्हणायची, ‘जा बाबा जा, तुला घाई आहे.’ आणि लेन बदलायची वेळ आली की मला विचारायची, ‘मागे कुणी नाही ना?’, जसं गल्लीत सायकल वळवताना विचारतात.

डॉक्टर उंच, पांढऱ्या केसांच्या, फार न बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी केशरचं तोंड हळूच उघडून बघितलं, छातीशी यंत्र लावलं, आणि विचारलं काय काय लावलंत. आई ताठ उभी राहिली आणि म्हणाली, ‘लेमन. बाय मिस्टेक ऑफ लँग्वेज.’ डॉक्टरांना ते कळलं नाही, पण त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. काकूंनी आशेनं पाल्याची पिशवी पुढे केली, तर त्या म्हणाल्या, ‘नो मोअर प्लँट्स, प्लीज.’ किड्यांनी रक्त पिऊन तिला आधीच अशक्त केलं होतं, लिंबानं कातडी पोळली, आणि गार पाण्यानं छातीतला संसर्ग वाढला. वाचेल का, आईनं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, सांगता येत नाही. पेटी पूर्ण रिकामी करून कढत पाण्यानं धुवा, फांदी फेकून द्या, खाली फक्त कागद घाला. किड्यांसाठी फवारा दिला. आणि दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन. ते घरी द्यावं लागेल. कोण देईल?

मी घाबरून आईकडे बघितलं. आई म्हणाली, ‘आय विल गिव्ह.’ तिच्या वडिलांना इन्शुलिन तीच द्यायची, लग्न होईपर्यंत. पण त्यासाठी तिला केशरला हात लावावा लागणार होता. तिथेच, त्या स्टीलच्या टेबलाशी, माझ्या आईनं पहिल्यांदा सापाला स्पर्श केला. दोन बोटांनी. मग सगळ्या हातानं. ‘अगंबाई,’ ती हळूच म्हणाली, ‘मऊ आहे गं. आणि केवढी गार.’

त्यानंतरचे दिवस माझ्या आठवणीत एका लयीत आहेत. मी शाळेतून यायची, आई पेटीतले कागद बदलत असायची. डोळ्यांच्या कडेचे किडे ती ओल्या कापसाच्या बोळ्यानं टिपायची आणि तेव्हा केशरशी बोलायची, ‘झालं हं, झालं, एकच राहिलाय.’ इंजेक्शनच्या दिवशी मी केशरला धरायची आणि आई खवल्यांच्या मधून सुई घालायची, ओठ घट्ट मिटून, आणि सुई बाहेर आली की तिचा रोखलेला श्वास सुटायचा. संध्याकाळी कदम काकू भाकरी नाहीतर धपाटी घेऊन यायच्या, पश्चात्ताप म्हणून. आमचं पोट त्या महिन्यात इतकं नीट भरलं की सांगता सोय नाही. बाबा गुरुवारी आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. ते बाहेर गेले, फांदी घेतली आणि अंगणात मोडत बसले. जाड होती, मोडेना. आईनं खिडकीतून बघितलं आणि मला म्हणाली, ‘जाऊ नकोस तिकडे. मोडू दे त्यांना.’

आणि फोन रोज यायला लागला. रोज संध्याकाळी. ‘श्वास कसा आहे? शिट्टी वाजतेय? बबल्स?’ आई सगळं सविस्तर सांगायची, आणि सांगता सांगता इकडचं तिकडचं निघायचं. ताईनं एकदा विचारलं, वरणाला फोडणी आधी की नंतर. एकदा म्हणाली, इथे खूप थंडी पडलीय, माझे बूट गळतात. एकदा नुसतीच गप्प राहिली आणि आईही गप्प राहिली, आणि तो फोन सगळ्यात लांब चालला. केशरची शिट्टी हळूहळू कमी होत होती. एका दुपारी इंजेक्शन देऊन झाल्यावर आई तिला हातात घेऊन बसली, आणि म्हणाली, ‘बरी झाली की परत रविवारचाच फोन.’ मी दचकून तिच्याकडे बघितलं. ती केशरच्या डोक्यावरून अंगठा फिरवत होती. ‘म्हणून काय,’ ती म्हणाली, ‘बरी व्हायला नको का?’ आणि उठून सुई टाकायला गेली.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी केशरनं कात टाकली. अख्खी, डोळ्यांवरच्या पापुद्र्यासकट, कुठे तुटलेली नाही. खालून नवा नारिंगी रंग. मी उंदीर गरम पाण्यात सैल करून पुढे धरला आणि तिनं तो घेतला. आई टाळ्या वाजवायला गेली आणि तिला आठवलं की केशर बिचकेल, म्हणून हात तसेच हवेत धरून उभी राहिली. संध्याकाळी ताई आली, मैत्रिणीच्या गाडीनं. बारीक झाली होती. तिनं आधी आईला मिठी मारली, मग पेटीपाशी गेली. आईनं केशरला उचलून, सवयीनं, मनगटाभोवती गुंडाळून घेत तिच्या हातात दिलं. ताई केशरकडे बघतच नव्हती. ती आईच्या हातांकडे बघत होती.

तिला नवी जागा मिळाली होती. दोन मुलींबरोबर अपार्टमेंट, प्राणी चालणारं. रविवारी निघताना केशरला घेऊन जाणार होती. आईनं दोन पिशव्या भरल्या, एक ताईची, एक केशरची. चिवडा, लाडू, मेतकूट. फवारा, कापूस, लाल पट्टीचा डबा बर्फात. काचेची पेटी अवजड होती, ती बाबांनी उचलली. चार दिवस दोघं एकमेकांना मीठ द्या, भाजी घ्या, एवढंच बोलले होते. बाबांनी पेटी मागच्या सीटवर नीट बसवली, पट्टा लावला, आणि दार लावताना म्हणाले, ‘हीटर चालू ठेव. गार हवा बाधते.’ ताई म्हणाली, ‘तिला ना? हो बाबा.’ बाबा म्हणाले, ‘दोघींना.’ आणि खिशातून उबदार बुटांची पावती काढून तिला दिली, मापात नसले तर बदलता यावेत म्हणून. बूट आईच्या पिशवीत आधीच होते.

पुढचा आठवडा आमचं घर फार मोठं वाटलं. फ्रीजरमध्ये एका डब्याची जागा रिकामी होती आणि आई तिथे दुसरं काही ठेवीना. ताईच्या खोलीत टेबलावर पेटीचा चौकोनी डाग. आईनं कात एका पातळ कागदात घालून कपाटात साड्यांवर ठेवली. आणि रविवार आला. पोहे झाले. आईनं फोन ओट्यावर ठेवला आणि गवार घेऊन बसली. नेहमीची वेळ झाली, गेली. गवार निवडून संपली. आई उठून निवडलेली गवार पुन्हा बघायला लागली. बाबा अंगणात गेले नव्हते, पेपर घेऊन तिथेच बसले होते आणि त्यांनी पान उलटलं नव्हतं. आता साप तिच्याजवळ होता. आमच्याकडे विचारण्यासारखं तिला काय उरलं होतं?

फोन वाजला. आईच्या दोन्ही मुठीत गवार होती, म्हणून स्पीकरचं बटण मी दाबलं.

‘आई,’ ताई म्हणाली, ‘केशर जेवली.’

‘जेवली? छान जेवली?’

‘हो. पूर्ण.’

आणि मग आईनं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, विचारलं, ‘आणि तू?’

‘नाही अजून,’ ताई म्हणाली. ‘करते काहीतरी.’

‘मग आधी जेव. फोन ठेवू नकोस. तू जेव, मी आहे.’

पलीकडे भांडं वाजलं, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ताई जेवत होती आणि आई ऐकत होती, ओट्याला टेकून, डोळे मिटून. बाबा पेपरमागून म्हणाले, ‘काय केलंय विचार,’ आणि ताई म्हणाली, ‘खिचडी, बाबा. खाली लागलीय.’

केशर पुढे बरीच वर्षं जगली, ताईबरोबर तीन राज्यं फिरली. रविवारचा फोन कधी चुकला नाही, आणि केशर गेल्यावरही आईचा पहिला प्रश्न तोच राहिला. ‘केशर जेवली का?’ ताई म्हणायची, ‘जेवली, आणि मी पण.’ माझी मुलं हसायची, आजी काय विचारते म्हणून. आईच्या शेवटच्या दुखण्यात तिला अन्न जाईना, तेव्हा ताई, जी आता नोकरीसाठी बाबांच्या त्या जुन्या अर्विंगलाच राहायची, तिथून रोज फोन करून मला विचारायची, ‘आई जेवली का?’ आणि मी कधी कधी, आईचीच मुलगी, म्हणायची, ‘जेवली. छान जेवली.’

आई गेली, आणि तिचं सगळं आटोपल्यावर ताई बाबांना आपल्याबरोबर अर्विंगला घेऊन गेली. त्यानंतरचा पहिला रविवार. मी आईच्या स्वयंपाकघरात एकटीच होते. कालचं वरण होतं, भात होता, भूक नव्हती. नेहमीच्या वेळेला फोन वाजला. मी तो ओट्यावर ठेवला आणि बटण दाबलं.

‘जेवलीस का?’ ताईनं विचारलं.

‘नाही.’

‘मग आधी जेव. फोन ठेवू नकोस, मनू. मी आहे.’

मी ताट वाढून घेतलं आणि फोनसमोर बसले. भात गार होता. मी तो सगळा खाल्ला.